भाणक ते ग्रंथ : पुस्तकाचा इतिहास आणि हाताने पुस्तक बांधण्याची कृती

खंडाळा म्हटले की अनेकांना लोणावळ्याशेजारचे थंड हवेचे ठिकाण आठवते. आम्ही येथे लिहीत आहोत ते सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुक्याविषयी. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना नीरा नदी ओलांडली की शिरवळ लागते, आणि तिथून खंबाटकी घाटापर्यंत हा तालुका आपल्या सोबत असतो. याच तालुक्यातील नायगाव येथे ३ जानेवारी १८३१ रोजी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचा जन्म झाला. आणि याच तालुक्यात शिरवळजवळच्या डोंगरात प्राचीन बौद्ध लेणी आहेत. स्तूप असलेले चैत्यगृह आणि भिक्खूंच्या राहण्याचे विहार असा हा लेणीसमूह आहे. स्थानिक लोक त्या जागेला पांडवदरा म्हणतात. आपल्या कितीतरी लेण्यांप्रमाणे याही लेण्यांवर पांडवांचे नाव चिकटले आहे.

पुस्तकाचा इतिहास समजून घ्यायला हा तालुका फार योग्य आहे. लेण्यांच्या काळात धम्म मुख्यतः मुखोद्गत होता. नायगावात जन्मलेली मुलगी पुढे मराठीत स्वतःचे पुस्तक छापणारी कवयित्री झाली. या दोन टोकांमध्ये सुमारे दोन हजार वर्षांचा काळ आहे. त्या काळात शब्द तोंडातून पानावर कसा आला आणि ते पान कोणाच्या हाती पडू दिले गेले नाही, हे प्रत्येक तरुण कार्यकर्त्याला माहीत असायला हवे. म्हणून लेखाच्या पहिल्या भागात इतिहास आणि दुसऱ्या भागात हाताने पुस्तक बांधण्याची कृती देत आहोत.

आधी पाठ, मग पोथी

तथागतांनी स्वतः काही लिहून ठेवले नाही. महापरिनिर्वाणानंतर राजगृह येथे पहिली संगीती भरली आणि उपदेश एकत्र म्हणून निश्चित केला गेला. पुढे शेकडो वर्षे तो पाठांतराने टिकला. पाठांतराची कामे वाटून घेतलेली असत. कोणी दीघनिकाय, कोणी मज्झिमनिकाय तोंडपाठ ठेवी. अशा भिक्खूंना भाणक म्हणत.

हे भाणक आपल्या महाराष्ट्रातही होते, याचा पुरावा दगडावर आहे. कार्ले येथील चैत्यगृहातील एका स्तंभावरील लेखात सोपाऱ्याचे सातिमित या भाणकांनी दिलेल्या दानाची नोंद आहे. ते धम्मुत्तरीय निकायाचे होते. म्हणजे ज्या काळात आपल्याकडील लेणी खोदली जात होती, त्या काळात ग्रंथ माणसांच्या मुखात होता आणि सह्याद्रीतील विहारांतून त्याचा पाठ होत होता.

पाठांतराला एकच मोठा धोका असतो. माणूस गेला की पाठ जातो. इ.स.पूर्व पहिल्या शतकात श्रीलंकेत राजा वट्टगामणी अभय याच्या काळात दुष्काळ आणि परचक्र एकत्र आले. भिक्खू उपासमारीने मेले, देशोधडीला लागले. अट्ठकथेत अशी आठवण नोंदवली आहे की एक वेळ अशी आली, जेव्हा महानिद्देस हा ग्रंथ तोंडपाठ असलेला एकच भिक्खू उरला होता. त्याच काळात भिक्खूसंघाने तिपिटक आणि त्यावरील अट्ठकथा लिहून काढण्याचा निर्णय घेतला. मातले जवळील अलुविहार हे त्या लेखनाचे ठिकाण मानले जाते. आज आपण पाली तिपिटक वाचू शकतो ते या निर्णयामुळे.

जवळपास त्याच सुमारास गांधार प्रदेशात बौद्ध ग्रंथ भूर्जपत्रांवर खरोष्ठी लिपीत लिहिले जात होते. मातीच्या मडक्यांत ठेवलेल्या त्या गुंडाळ्यांपैकी काही आजही लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

शब्दांत दडलेला दोरा

पुस्तकासाठी आपण वापरतो ते शब्दच पुस्तक कसे बनत असे हे सांगतात. ग्रंथ म्हणजे गुंफलेले, गाठ मारून बांधलेले. सूत्र म्हणजे दोरा. पालीतील पोत्थक आणि मराठीतील पोथी ही एकाच कुळातील नावे आहेत.

ताडाची पाने उकळून, वाळवून, घोटून गुळगुळीत केली जात. पानाला एक किंवा दोन भोके पाडून त्यातून दोरा ओवला जाई. वर-खाली लाकडी फळ्या ठेवून पोथी बांधत आणि कापडात गुंडाळत. दक्षिणेत आणि श्रीलंकेत लोखंडी लेखणीने अक्षर कोरून त्यात काजळी भरत. सरळ आडव्या रेषेने पान चिरते, म्हणून तिकडच्या लिप्यांची अक्षरे गोलाकार झाली असे मानले जाते.

महाराष्ट्रात कागद रुळल्यावर बोरू आणि काजळीची शाई आली. जुन्नर आणि दौलताबाद येथील हातकागद प्रसिद्ध होता. दौलताबादजवळच्या गावाचे कागजीपुरा हे नाव त्याच धंद्यावरून पडले. पोथीत चूक झाली तर त्यावर हरताळ नावाचे पिवळे खनिज उगाळून लावत आणि वर पुन्हा लिहीत. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तिथून आला. काम पुरे झाले की लेखक शेवटी पुष्पिका लिही. ही प्रत कोणी, कुठे, कधी आणि कोणासाठी लिहिली याची ती नोंद असे. ही पुष्पिका लक्षात ठेवा. लेखाच्या शेवटी आपल्याला तिची गरज पडणार आहे.

कागद, छाप आणि धम्म

कागद चीनमध्ये बनला आणि बौद्ध ग्रंथांनी त्याला जगभर काम दिले. सातव्या शतकात महाराष्ट्रातूनही प्रवास केलेला ह्युएन त्सांग ६४५ मध्ये मायदेशी परतला, तेव्हा त्याने ६५७ ग्रंथ सोबत नेले होते. ते ५२० गठ्ठ्यांत बांधलेले होते.

तारीख नोंदवलेले जगातील सर्वात जुने छापील पुस्तक हे बौद्ध सूत्र आहे. वज्रच्छेदिका प्रज्ञापारमितेची ती चिनी प्रत ८६८ मध्ये लाकडी ठशांवरून छापली गेली आणि दुनह्वांग येथील गुहेत सापडली. तिच्या शेवटी नोंद आहे की वांग जी नावाच्या उपासकाने आई-वडिलांच्या नावे, सर्वांना मोफत वाटण्यासाठी ती करवून घेतली. युरोपात गुटेनबर्गचे बायबल छापले गेले ते यानंतर सुमारे सहाशे वर्षांनी, १४५५ च्या आसपास. म्हणजे छापील पुस्तकाच्या इतिहासाच्या अगदी सुरुवातीला एका सामान्य उपासकाचे धम्मदान आहे.

भारतात छापखाना १५५६ मध्ये गोव्यात आला. १८०५ मध्ये बंगालमधील सेरामपूर येथे विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण छापले गेले. पुढे मुंबईत छापखाने निघाले तेव्हा सोवळे पाळणारे लोक छापील पोथी हातात घ्यायला तयार नव्हते. शाईत चरबी असेल, या भीतीने. म्हणून तूप घालून शाई करण्यात आली. विटाळाची कल्पना शाईच्या थेंबापर्यंत पोहोचली होती, हे यातून दिसते.

अक्षराचा हक्क

आपल्या देशात पुस्तक कधीच केवळ वस्तू नव्हते. ते कोणी शिवायचे, कोणी ऐकायचे, यावर पहारा होता. त्यामुळे आपल्यासाठी पुस्तकाचा इतिहास हा हक्काचा इतिहास आहे.

सावित्रीबाईंच्या चरित्रांत शिरवळच्या बाजाराची एक आठवण सांगितली जाते. लहान सावित्रीला तिथे मिशनऱ्यांकडून एक पुस्तक मिळाले. घरी वडील रागावले, पण वाचता येत नसतानाही तिने ते जपून ठेवले आणि लग्नानंतर सासरी नेले. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि हीच मुलगी शिक्षिका झाली. १८५४ मध्ये त्यांचा 'काव्यफुले' हा कवितासंग्रह प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी, १८५५ मध्ये, फुले दांपत्याच्या शाळेतील मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. ज्यांना ग्रंथ पाहायचाही अधिकार नाही त्यांचा धर्म कोणता, असा जळजळीत प्रश्न तिने त्यात विचारला.

महात्मा फुले यांना १८८८ मध्ये पक्षाघात झाला आणि उजवा हात निकामी झाला. त्यांनी डाव्या हाताने 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' लिहून पूर्ण केले. ते छापील स्वरूपात आले १८९१ मध्ये, त्यांच्या निधनानंतर. ते हस्तलिखित जपले गेले म्हणून आपल्याला ते पुस्तक मिळाले.

बाबासाहेबांचे शिक्षण ज्या सरकारी हायस्कुलात सुरू झाले तेही याच जिल्ह्यात, साताऱ्यात. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचे नाव तिथे दाखल झाले. १९०७ मध्ये मॅट्रिक झाल्यावर कृष्णराव अर्जुन केळुस्कर यांनी त्यांना स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र भेट दिले. एका भेटीदाखल दिलेल्या पुस्तकाचे मोल किती असू शकते, याचे याहून मोठे उदाहरण आमच्या माहितीत नाही.

छापखाना हाती असल्याशिवाय आपला आवाज पोहोचणार नाही, हे आपल्या पूर्वजांनी लवकर ओळखले. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ मध्ये 'सोमवंशीय मित्र' सुरू केले. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांचे 'मूकनायक' आणि ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' निघाले. ज्या ग्रंथाने अक्षर नाकारले, ती मनुस्मृती २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळली गेली. भारतभूषण छापखाना उभा राहिला. मूळ संविधानही हातानेच लिहिले गेले. इंग्रजी प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा यांच्या अक्षरात आहे, आणि नंदलाल बोस व शांतिनिकेतनच्या कलावंतांनी तिची पाने सजवली.

आज धोक्यात काय आहे

बाबासाहेबांच्या निधनानंतर त्यांची अप्रकाशित हस्तलिखिते बरीच वर्षे बंद राहिली. महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ पासून खंड प्रसिद्ध करायला सुरुवात केली. १९८७ च्या तिसऱ्या खंडात प्राचीन भारतातील क्रांती आणि प्रतिक्रांतीवरील लेखन आहे, पण ते अपुरे आहे. बाबासाहेबांसारख्या महामानवाच्या लेखनाची ही स्थिती असेल, तर आपल्या गावातील सामान्य कार्यकर्त्याच्या वहीचे काय होत असेल?

या वह्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. जलसाकाराची गाण्यांची वही. आजीच्या तोंडच्या भीमाच्या ओव्या, ज्या कोणीतरी शाळेच्या वहीत उतरवल्या. विहार बांधताना जमवलेल्या वर्गणीचा हिशेब. १९५६ ला नागपूरला कोण कोण गेले त्यांची नावे. महिला मंडळाच्या सभांचे इतिवृत्त. यातल्या बहुतेकांची एकच प्रत असते. ती ट्रंकेत, माळ्यावर किंवा देव्हाऱ्याच्या जागी मांडलेल्या बुद्धमूर्तीखाली असते. वाळवी, ओल, घर पाडणे आणि रद्दीवाला यांपैकी कोणीतरी एक दिवस तिथे पोहोचतो.

मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवणे चांगलेच आहे, ते करावेच. पण मोबाइल बदलतो, ग्रुप बंद पडतो, पासवर्ड विसरतो. कागदावर काळ्या शाईने लिहून दोऱ्याने शिवलेले पुस्तक मात्र विजेविना, पासवर्डविना वाचता येते. आपले भाणक आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या हयातीत त्यांचा पाठ पानावर उतरवणे हे आपल्या पिढीचे काम आहे.

पुस्तक बांधण्याची कृती

येथे ९६ पानांच्या, शाळेच्या लहान वहीएवढ्या पुस्तकाची कृती देत आहोत. विहारात बसून चार-पाच जणांनी एका रविवारी करता येईल असे हे काम आहे.

*साहित्य :* ए-३ आकाराचे जाड पांढरे कागद १२, दोन मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा, साधे सुती कापड, जाड सुती दोरा, मेणबत्ती, दाभण, मोठी सुई, दीड सेंटिमीटर रुंदीची सुती पट्टी, लोखंडी पट्टी, कटर, मैदा.

*१. ताव कापणे.* कागदातील तंतू एका दिशेने असतात. कागद हलकेच दोन्ही बाजूंनी वाकवून पाहा. ज्या बाजूने तो सहज वाकतो, त्या रेषेत घडी पडायला हवी. तरच पुस्तक नीट उघडते. लांबीच्या दिशेने तंतू असलेला ए-३ ताव मधोमध कापला की मिळणारे तुकडे बरोबर पडतात. १२ तावांचे २४ तुकडे होतील.

*२. जुज करणे.* चार तुकडे एकत्र घेऊन मधोमध घडी घाला. घडीवरून चमच्याची पाठ दाबून फिरवा. अशा एका घडीच्या गठ्ठ्याला जुज म्हणतात. एका जुजात १६ पाने होतात, म्हणजे सहा जुजांत ९६. पुस्तक लिहून बांधायचे असेल तर याच टप्प्यावर पानांना क्रमांक द्या.

*३. भोके पाडणे.* घडीची उंची २१ सेंटिमीटर आहे. वरून १.५, ५.५, ७, १४, १५.५ आणि १९.५ सेंटिमीटरवर खुणा करा. जाड कागदाच्या पट्टीवर या खुणा एकदाच करून ठेवल्या की सहाही जुजांना त्याच वापरता येतात. प्रत्येक जुज अर्धवट उघडून आतून बाहेर दाभणाने भोक पाडा.

*४. शिवणे.* पुस्तकाच्या उंचीच्या जुजांइतक्या पट आणि वर हातभर, म्हणजे सुमारे पावणेदोन मीटर दोरा घ्या. तो मेणावरून ओढून घ्या, म्हणजे गुंतत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या भोकामध्ये एक आणि चौथ्या-पाचव्या भोकामध्ये एक अशा दोन सुती पट्ट्या बाहेरून उभ्या ठेवा. पहिल्या जुजात बाहेरून पहिल्या भोकातून आत जा आणि दोऱ्याचे टोक बोटभर बाहेर ठेवा. दुसऱ्यातून बाहेर या, पट्टीवरून जाऊन तिसऱ्यातून आत, चौथ्यातून बाहेर, पट्टीवरून पाचव्यातून आत आणि सहाव्यातून बाहेर. आता दुसरे जुज वर ठेवा, त्याच्या सहाव्या भोकातून आत शिरा आणि तसेच उलट्या दिशेने पहिल्या भोकाशी या. तिथे बाहेर ठेवलेल्या टोकाशी घट्ट गाठ मारा. तिसऱ्या जुजापासून पुढे प्रत्येक जुज संपले की सुई खालच्या दोन जुजांमधील टाक्याखालून काढून फास घ्या आणि मग पुढच्या जुजात जा. दोरा ताठ असावा, पण कागद फाटेल इतका ओढू नये.

*५. खळ लावणे.* एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी, गुठळ्या मोडून मंद आचेवर घट्ट होईपर्यंत ढवळा. पूर्वीचे बांधणीकार किडीसाठी खळीत मोरचूद घालत. ते विषारी आहे, मुले सोबत असतील तर घालू नका. शिवलेले जुज दोन फळ्यांत दाबून धरा आणि पाठीवर खळ लावून त्यावर पातळ कापडाची पट्टी चिकटवा. रात्रभर वाळू द्या.

*६. पुठ्ठा चढवणे.* २१.६ बाय १४.५ सेंटिमीटरचे दोन पुठ्ठे आणि पुस्तकाच्या जाडीएवढी एक पातळ पुठ्ठ्याची पट्टी कापा. कापडावर मधे पट्टी, दोन्ही बाजूंना सात मिलिमीटर जागा सोडून पुठ्ठे असे चिकटवा. कडेचे दोन सेंटिमीटर कापड आत दुमडा. मग शिवलेला गठ्ठा त्यात बसवून सुती पट्ट्यांची टोके आणि पाठीवरच्या कापडाच्या कडा पुठ्ठ्याला चिकटवा. त्यावर पुस्तकाचे पहिले आणि शेवटचे कोरे पान अस्तर म्हणून चिकटवा. दोन दिवस विटांखाली दाबून ठेवा.

आत काय लिहावे, कसे जपावे

काळ्या, कार्बन असलेल्या शाईने लिहा. काजळीच्या शाईची अक्षरे दोन हजार वर्षांनंतरही वाचता येतात, कारण कार्बन फिका पडत नाही. झेरॉक्सची काळी अक्षरेही याच कारणाने टिकतात. बिलाचा गुळगुळीत कागद मात्र काही वर्षांत कोरा होतो, म्हणून तशा पावत्यांची आधी झेरॉक्स काढून घ्या. टाचण्या आणि स्टेपल गंजतात, त्या काढून टाका. जुन्या वहीला लॅमिनेशन करू नका. तयार पुस्तक सुती रुमालात बांधून कोरड्या, हवेशीर कपाटात ठेवा आणि पावसाळा संपला की एकदा उघडून पाहा.

सांगणाऱ्याचे बोल त्याच्याच बोलीत उतरवा, शुद्धलेखनासाठी ते बदलू नका. शब्द कळला नाही तर बाजूला अर्थ लिहा. गाणे कोणी रचले आणि ते कोणाकडून ऐकले, या दोन वेगळ्या नोंदी आहेत. ज्यांच्या घरची वही आहे त्यांची परवानगी घ्या आणि मूळ वही त्यांना परत करा. किमान तीन प्रती बांधा. एक त्या कुटुंबाकडे, एक विहारात, एक गावाच्या वा तालुक्याच्या वाचनालयात.

आणि शेवटच्या पानावर पुष्पिका लिहा. कोणी सांगितले, कोणी लिहिले, कोणी शिवले, गाव, तालुका, तारीख. ८६८ मध्ये वांग जीने आई-वडिलांसाठी हे केले होते, म्हणून आज त्याचे नाव आपल्याला माहीत आहे. आपल्या आजी-आजोबांची नावे इतिहासाच्या कोणत्याही पुस्तकात नसतील, तर ती आपण बांधलेल्या पुस्तकात असू द्यावीत. पुढच्या रविवारी विहारात बसताना कोणाच्या घरी जुनी वही आहे, एवढे विचारून सुरुवात करा.

नमो बुद्धाय, जय भीम.